आपल्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची कृती कुणाकडे आहे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा वाटला तरी शेवटी तुमच्या-आमच्या ठेवींपर्यंत येणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका छोट्या पतसंस्थेत वीज पडली. म्हणजे संस्थेवर नाही, जवळच्या माडावर. पण संस्थेतला जुना कॉम्प्युटर गेला. हार्ड डिस्क वाचली. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्यांची नाही. व्यवस्थापकांनी दोन दिवसांत नवीन कॉम्प्युटर आणला, जुन्या डिस्कवरचं सगळं त्यावर उतरवलं, हिशेबाच्या प्रोग्रामवर क्लिक केलं आणि पडद्यावर आलं की हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

खातेदारांचे आकडे समोर दिसतायत, पण उघडायला किल्ली नाही. पंधरा-वीस दिवस पासबुकं हाताने भरली. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी वही घेऊन बसायचे. गणपती तोंडावर, लोकांना पैसे हवेत. गावात कुजबुज सुरू झाली, "संस्था बुडाली काय रे?" संस्था ठणठणीत होती. बुडालं होतं ते सॉफ्टवेअर.

तो प्रोग्राम नव्वदच्या दशकात एका गृहस्थांनी क्लिपर नावाच्या भाषेत लिहिला होता. त्या काळी क्लिपर, डीबेस आणि फॉक्सप्रो यांवर आपल्याकडची निम्मी दुकानं, संस्था आणि कारखाने चालायचे. लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने माळ्यावरून एक सीडी शोधून दिली. सीडीवर मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, सापडला. सगळ्यांना वाटलं, सुटलो!

पुण्याहून गणपतीला आलेला माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला बोलावलं. त्याने सीडी चाळली आणि अकरा ओळींची एक छोटी फाईल उघडून मला दाखवली. म्हणाला, "मामा, खरी गोष्ट इथे आहे. कोड आहे, पण तो शिजवायची कृती फक्त त्यांच्याच घरात चालणारी आहे."

त्या अकरा ओळींमध्ये लिहिलं होतं की डी ड्राइव्हवर जा, तिथल्या अमुक फोल्डरमधून कंपायलर घे (फोल्डरला त्यांच्या मुलीचं नाव होतं), तमुक ठिकाणची लायब्ररी जोड आणि प्रोग्राम तयार कर. तो डी ड्राइव्ह आज कुठेच नाही. ती लायब्ररी सीडीवर आलीच नव्हती.

या अकरा ओळींना बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. पुढचे काही दिवस भाच्याला प्रश्न विचारून आणि थोडं वाचून मला जे समजलं ते इथे मांडतो. मी कॉम्प्युटरवाला नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण हा इतिहास आपण सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

*कृती म्हणजे काय*

प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येणारं लिखाण असतं. कॉम्प्युटरला ते तसंच्या तसं कळत नाही. त्याचं भाषांतर करावं लागतं, तुकडे जोडावे लागतात, मग आपण क्लिक करतो ती फाईल तयार होते. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर, कशाला काय जोडायचं, याची यादी म्हणजे बिल्ड स्क्रिप्ट. सोर्स कोड म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळ. बिल्ड स्क्रिप्ट म्हणजे मोदकांची कृती.

आता आमच्या आईची उकडीची कृती ऐका. "एक वाटी पिठाला एक वाटी पाणी." एवढंच. माझ्या बहिणीने पुण्यात जाऊन तसंच केलं, तर उकड सैल झाली. कारण आईचं पीठ जुन्या तांदळाचं असतं, ते पाणी जास्त पितं. बहिणीने दुकानातून आणलेलं पीठ नव्या तांदळाचं होतं. आईची कृती चुकीची नव्हती, फक्त तिच्या स्वयंपाकघराबद्दलची एक गोष्ट तिने गृहीत धरली होती. आणि आपण काहीतरी गृहीत धरलंय हे तिलाही माहीत नव्हतं.

सॉफ्टवेअर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. लिहिणाऱ्याने स्वतःच्या घरातलं काय काय गृहीत धरलंय, ते शोधून काढायचं.

*मुंबई, १९७४*

आपल्याला वाटतं की भारतीय सॉफ्टवेअरची निर्यात म्हणजे बंगळूर आणि नव्वदचं दशक. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी मुंबईत झाली, आणि ती नेमकी याच कामाने झाली.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. १९७४ च्या सुमारास त्यांच्याकडे अमेरिकेच्या बरोज कंपनीचं एक काम आलं. हॉस्पिटलच्या हिशेबाचं एक सॉफ्टवेअर होतं. ते बरोजच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठीच्या कोबोल भाषेत लिहिलेलं होतं. ते त्याच कंपनीच्या छोट्या यंत्रांच्या कोबोलमध्ये आणायचं होतं. कंपनी तीच, भाषेचं नावही तेच. तरीसुद्धा एका यंत्रावरचं काम दुसऱ्या यंत्रावर चालत नव्हतं! आणि आपल्या लोकांनी ते केलं कशावर, तर आयसीएल १९०३ या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर. म्हणजे जेवण एका घरचं, वाढायचं दुसऱ्या घरी, आणि शिजवायचं तिसऱ्याच्या चुलीवर.

नवीन काही शोधण्याचं हे काम नव्हतं. एका घरातली कृती दुसऱ्या घरात चालवायची होती. कंटाळवाणं, चिकाटीचं आणि कुणी हार न घालणारं काम. पण आज आपल्या जिल्ह्यातली जी हजारो मुलं पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत बसली आहेत, त्यांच्या धंद्याची पहिली वीट ती आहे. पुढे २००० साल उजाडताना तारखांच्या दोन आकड्यांचा घोळ झाला, तेव्हाही जगाने आपल्याला बोलावलं ते जुन्या कोडमध्ये काय गृहीत धरलंय ते शोधून दुरुस्त करायलाच.

*युनिक्स आणि एक वाया गेलेली सकाळ*

त्या काळी प्रत्येक यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम त्या यंत्रापुरतीच असायची. यंत्र बदललं की सगळं नव्याने लिहायचं. याला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतल्या बेल लॅब्जने. तिथे १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू केली. १९७३ साली ती बहुतांश सी या भाषेत पुन्हा लिहिली. यंत्राच्या बोलीऐवजी थोड्या वरच्या भाषेत लिहिल्यामुळे ती दुसऱ्या यंत्रावर नेणं शक्य झालं. १९७७ साली ती इंटरडेटा नावाच्या वेगळ्याच जातीच्या यंत्रावर नेऊन दाखवली गेली. एकीकडे बेल लॅब्जमध्ये आणि दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात, जवळपास एकाच वेळी.

याच बेल लॅब्जमध्ये १९७६ साली 'मेक' तयार झालं. त्याची हकिगत छान आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे सहकारी एका सकाळी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत चिडून आले. अख्खी सकाळ ते एक चूक शोधत होते. चूक तर कधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाईल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती. म्हणजे ते शिळ्या प्रोग्रामशी झगडत होते. फेल्डमन यांनी त्यावर मेक लिहिलं. कुठली फाईल कशावर अवलंबून आहे ते एका यादीत लिहायचं; जे बदललं असेल तेवढंच मेक पुन्हा बांधतं. आज जवळपास पन्नास वर्षांनीही जगभर ते वापरात आहे. २००३ साली फेल्डमन यांना त्यासाठी एसीएम या संस्थेचा पुरस्कारही मिळाला.

मेकमध्ये एक खोड आहे. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी मोकळी जागा सोडली तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं! फेल्डमन यांना ही चूक लवकर कळली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांची पंचाईत नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. डझनभर लोकांची सोय पाहिली आणि पुढच्या लाखो लोकांच्या डोक्याला ताप झाला. आपल्या नगरपालिकेत रस्ते आखताना असंच होतं, नाही का?

*आधी स्वयंपाकघर बघा*

युनिक्स पसरलं आणि नवीच अडचण आली. प्रत्येक कंपनीने आपापलं युनिक्स काढलं. नाव एक, पण एकाच्या घरी मिठाचा डबा वरच्या फळीवर, दुसऱ्याच्या घरी खाली.

आपल्याकडेही हे झालं. आयबीएम १९७८ साली भारतातून गेली. पुढे एचसीएल, विप्रो, डीसीएम अशा देशी कंपन्यांची यंत्रं आली. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि त्यानंतर सरकारी बँकांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रं येऊ लागली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर सारखंच काम करून घ्यायचं तर ऑपरेटिंग सिस्टीम तरी एका घराण्यातली हवी, एवढा साधा व्यवहार त्यात होता.

पण एका घराण्यातल्या सख्ख्या भावांचंही पटतंच असं नाही. म्हणून अमेरिकेत लॅरी वॉल यांनी १९८४ च्या सुमारास एक वेगळी युक्ती केली. (पुढे १९८७ साली पर्ल ही भाषा काढणारे हेच.) त्यांनी आपल्या प्रोग्रामबरोबर 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट दिली. ही स्क्रिप्ट काही बांधत नाही. ती आधी तुमच्या यंत्रात फिरते आणि बघते की इथे कंपायलर कुठला, अमुक फाईल आहे का, तमुक सोय चालते का. त्यावरून कृतीत बदल करते. मगच चूल पेटते.

मला हे फार आवडलं. "तुमचं यंत्र कुठल्या कंपनीचं?" असं न विचारता "तुमच्याकडे काय आहे, काय नाही?" असं विचारायचं. आडनाव विचारून माणूस कळत नाही, तसंच हे.

१९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी हीच कल्पना पुढे नेली. ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पासाठी काम करत. त्यांच्याकडे अनेक प्रोग्राम होते आणि ते अनेक यंत्रांवर चालवायचे होते. प्रत्येक वेळी वापरणाऱ्याने वीसेक पर्याय हाताने निवडायचे, हे त्यांना असह्य झालं. त्यातून 'ऑटोकॉन्फ' आलं, म्हणजे तपासणी करणारी स्क्रिप्ट तयार करून देणारं साधन. त्याआधी १९८८ साली पॉझिक्स नावाचं मानकही आलं होतं. सगळ्या युनिक्सवाल्यांनी निदान एवढ्या गोष्टी सारख्या ठेवाव्यात, असा तो तह होता.

*तिरकी रेघ आणि टाइपरायटर*

आपल्या रत्नागिरीत मात्र युनिक्स फारसं आलं नाही. छोट्या संस्थांमध्ये आलं ते डॉस, आणि मागून विंडोज. २००१ पासून एमएससीआयटी सुरू झालं, त्यातही बहुतेकांनी विंडोजच बघितलं. त्यामुळे आपल्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज हे पक्कं बसलं. पण भाच्याची पिढी लिनक्सवर आणि मॅकवर काम करते, आणि त्यांचं हे जग युनिक्सच्या घराण्यातलं आहे. दोन घराण्यांमधले फरक ऐकाल तर हसाल.

पहिला फरक तिरक्या रेघेचा. युनिक्समध्ये फोल्डरचा पत्ता लिहिताना रेघ एका बाजूला झुकते, विंडोजमध्ये दुसऱ्या बाजूला. का? तर डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते आणि ती रेघ दुसऱ्याच कामाला, आज्ञेचे पर्याय द्यायला, वापरली गेली होती. १९८३ साली डॉस २.० मध्ये फोल्डर आले तेव्हा ती जागा अडलेली होती. मग उलटी रेघ घेतली. चाळीस वर्षं झाली, ती उलटीच आहे.

दुसरा फरक ओळ संपण्याचा. माझ्या वयाच्या पत्रकारांना टाइपरायटर आठवेल. ओळ संपली की गाडा मागे ढकलायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, अशी दोन कामं. जुन्या टेलिप्रिंटरलाही ही दोन वेगळी चिन्हं लागत. डॉस आणि विंडोजने दोन्ही चिन्हं ठेवली. युनिक्सने एकच ठेवलं, कागद वर सरकवण्याचं. जुन्या मॅकने दुसरं एकटं ठेवलं, गाडा मागे नेण्याचं! त्यामुळे विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह लटकत राहतं आणि स्क्रिप्ट अडखळते.

तिसरा फरक मोठ्या-लहान अक्षरांचा. विंडोजला फाईलच्या नावात इंग्रजी कॅपिटल काय, स्मॉल काय, एकच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. चौथा, विंडोज ९५ पासून आलेल्या 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरच्या नावातली मधली मोकळी जागा. भोळ्याभाबड्या स्क्रिप्टला वाटतं की ही दोन वेगळी नावं आहेत.

यातला एकही फरक तांत्रिकदृष्ट्या फार मोठा नाही. एका साध्या सातबाऱ्यात नावाच्या ऱ्हस्व-दीर्घाने जे होतं, तेच इथे होतं. माणसाला दिसतं की हा तोच माणूस आहे. यंत्रणेला दिसत नाही.

*आपल्या अक्षरांचीही हीच कथा*

यात मराठी कुठे, असं कुणी विचारेल. आहे. मराठी अक्षर कॉम्प्युटरवर यायलाही याच वाटेने यावं लागलं.

ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान तयार झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिकडे आलं. एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, मग पडद्यावर देवनागरी. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक पक्कं झालं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली ती 'मंगल' फाँटसह. तो घडवला आपल्या मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशींनी.

पण ते झालं विंडोजवर. लिनक्सचं काय? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं नाव आम्हा पत्रकारांना 'श्रीलिपी'मुळे माहीत आहे. त्याच कंपनीच्या फाँटवरून 'लोहित' फाँट आले आणि २००४ साली रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. मुक्त म्हणजे नुसते फुकट नाहीत. त्यांचा मूळ मसाला आणि बांधायची कृती दोन्ही खुली. कुणीही उचलावं, आपल्या यंत्रावर बांधावं, दुरुस्त करावं. आपण 'क्ष' किंवा 'ज्ञ' असं सहज लिहितो, त्या अक्षरांची फाईलसुद्धा कुठेतरी एका स्क्रिप्टने बांधली जाते.

याच परंपरेतलं आणखी एक काम आयआयटी मुंबईत झालं. जीसीसी हा जगभर वापरला जाणारा मुक्त कंपायलर १९८७ साली स्टॉलमन यांनी सुरू केला. तो अनेक जातींच्या यंत्रांसाठी कोड तयार करतो, आणि म्हणूनच आतून प्रचंड गुंतागुंतीचा आहे. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर झालं आणि देशभरातल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा झाल्या. परदेशातून आलेलं तयार ताट खाण्याऐवजी स्वयंपाकघरात शिरायला शिकवणाऱ्या या कार्यशाळा होत्या.

*तेरीज जुळली*

आता परत पतसंस्थेत येऊ.

भाच्याने पहिल्या संध्याकाळी तात्पुरता उपाय केला. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो नव्या कॉम्प्युटरच्या आत जुन्या डॉसचं सोंग आणतो. त्यात जुना प्रोग्राम उघडला. व्यवस्थापकांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं. पण भाचा म्हणाला, "हे सलाइन आहे, बरं होणं नव्हे. उद्या व्याजदराचा नियम बदलला तर काय कराल?"

मग त्याने खरं काम हातात घेतलं. १९९९ पासून 'हार्बर' नावाचा एक मुक्त प्रकल्प चालू आहे. जगभरच्या स्वयंसेवकांनी क्लिपरशी जुळणारा नवा कंपायलर केला. तो विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालतो, आणि त्याच्याबरोबर येणारं बांधणीचं साधनही सगळीकडे तेच. ज्यांना आपण कधी भेटणार नाही अशा माणसांनी आमच्या गावातल्या पिग्मीची सोय करून ठेवली होती म्हणायची.

अकरा ओळी त्याने नव्याने लिहिल्या. डी ड्राइव्ह काढून टाकला. 'ही फाईल जिथे आहे तिथून पुढे' असे पत्ते दिले. रेघा सरळ केल्या. एका फाईलचं नाव यादीत सगळं कॅपिटल आणि सीडीवर अर्धं स्मॉल होतं, ते एकसारखं केलं. हरवलेली लायब्ररी रक्कम अक्षरी लिहिणारी निघाली, तेवढा भाग त्याने पुन्हा लिहिला. आपल्या लिनक्स लॅपटॉपवर बांधलं, मग संस्थेच्या विंडोजवर बांधलं. दोन्हीकडे तोच प्रोग्राम उभा राहिला.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री व्यवस्थापक आणि मी जुन्या छापील कागदांशी आकडे ताडून बघत बसलो. मार्चअखेरची तेरीज काढली. पैशापैशाने जुळली.

मी भाच्याला विचारलं, असल्या मोठ्या कंपन्यांना तरी हा त्रास नसेल ना? तो हसला. म्हणाला, आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, "माझ्याकडे तर चालतंय!" म्हणून तर २००० च्या सुमारास अमेरिकेत सीमेक आलं. वैद्यकीय चित्रांच्या एका सरकारी पैशाच्या प्रकल्पाला विंडोज आणि युनिक्स दोन्हीकडे चालणारी बांधणी हवी होती, त्यातून ते निघालं. आणि म्हणून २०१३ साली डॉकर आलं. त्यात प्रोग्रामबरोबर त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरून पाठवायचं. कृतीवर विश्वास उरला नाही, म्हणून गॅस-भांड्यांसकट स्वयंपाकघरच उचलून न्यायचं!

*आता आपल्याकडे बघू*

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट कळली. कृती कागदावर आहे, एवढ्याने ती आपली होत नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या घरात, आपल्याला न विचारता ती करून दाखवली, तरच ती कृती.

आपल्या सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शाळा, वाचनालयं यांच्याकडे आज जी सॉफ्टवेअर्स आहेत, त्यातल्या किती जणांकडे अशी कृती आहे? बहुतेकांकडे फक्त ताटात वाढलेला मोदक आहे. विक्रेता आहे तोवर ठीक. तो गेला, कंपनी बंद पडली, कॉम्प्युटर बदलला, की वीज पडायचीही गरज नाही.

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी सरकारी सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्याचंही धोरण आलं. चांगलंच आहे. पण नुसता कोड खुला करून भागत नाही, हे त्या अकरा ओळींनी मला दाखवलं. आमच्याकडेही कोड होताच की.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. म्हणजे गणपतीच्या आगे-मागेच. दरवर्षी आपण लाभांश किती आणि वडा की समोसा यावर चर्चा करतो. या वर्षी तीन प्रश्न विचारा.

एक, आपल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कुणाकडे आहे? विक्रेता देत नसेल, तर तो तिसऱ्या विश्वासू पक्षाकडे ठेव म्हणून ठेवण्याचा करार होतो. तो केलाय का?

दोन, तो कोड बांधायची कृती त्याच्याबरोबर आहे का? कंपायलर कुठला, लायब्ररी कुठल्या, हे सगळं लिहिलेलं आहे का?

तीन, वर्षातून एकदा, कोऱ्या कॉम्प्युटरवर, मूळ लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी तो बांधून, तेरीज जुळवून दाखवलीय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोहोंना "हो, आहे" असं उत्तर देता येतं. तिसऱ्याला करूनच दाखवावं लागतं. आणि हे करायला मुंबईहून तज्ज्ञ आणायला नको. आपल्याच शहरात इंजिनियरिंग कॉलेज आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट हवाच असतो. तालुक्यातल्या एका संस्थेचं सॉफ्टवेअर कोऱ्या यंत्रावर उभं करून दाखवणं, यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कुठला?

त्या गृहस्थांना मी दोष देणार नाही. त्यांनी लिहिलेला व्याजाचा हिशेब इतक्या वर्षांनी पैशाचीही चूक न करता चालला. त्यांनी एवढंच गृहीत धरलं की आपला कॉम्प्युटर आणि आपण कायम असणार आहोत. असं आपण सगळेच धरून चालतो.

ती सीडी आता संस्थेच्या तिजोरीत आहे. तिच्यासोबत नव्या अकरा ओळींचा छापील कागद आहे आणि त्यावर व्यवस्थापकांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: "दरवर्षी एप्रिलमध्ये करून बघणे."